हेब्रिडियन की राइलँड? रश्श्याला उतरणारं मटण, तीन एकर कुरण आणि हेरेफर्डशरची चिकणमाती

बांधावरचा

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंड-वेल्समध्ये मेंढ्या पाळणारे, कापणारे, औषधपाणी करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

लेमस्टरजवळ तीन एकर जुनं कुरण आहे. कित्येक वर्षांत नांगर लागलेला नाही. माती चिकण, आणि खालच्या कोपऱ्यात एप्रिलपर्यंत पाणी हटत नाही. जागेचा सीपीएच नंबर (जनावरं ठेवायच्या जागेचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि कळपाचा नंबर हातात आहे. पैदास करायची नाही, मेंढा पाळायचा नाही. सप्टेंबरमध्ये दूध तुटलेली, खच्ची केलेली कोकरं विकत घ्यायची आणि पुढच्या वर्षी उन्हाळा सरता सरता कत्तलखान्यात पाठवायची, एवढाच बेत.

कारण उघड आहे. सुपरमार्केटमधलं कोकरू चार-सहा महिन्यांचं असतं. मऊ लागतं, पण रश्श्यात काही उतरत नाही, नुसतं वाटण खाल्ल्यासारखं होतं. याउलट शहरातल्या दुकानांत 'मटण' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा वेतं संपलेल्या मेंढीचं, आणि त्याच्या चरबीचा वास घरभर. मला यामधलं हवंय.

प्रश्न असे:
१. जुन्या ब्रिटिश जातींपैकी हेब्रिडियन, राइलँड आणि साउथडाउन डोक्यात आहेत. कोणती घ्यावी?
२. तीन एकरांत किती?
३. चरबीचा तो उग्र वास नक्की कशामुळे येतो आणि तो टाळता येतो का?
४. कत्तलखान्यात काय सांगायचं? कलेजी, मुंडी, वजरी परत मिळते का?

अवांतर: घरून दोन डुकरांचाही आग्रह आहे. त्यावर कोणी लिहिलं तर आनंदच.

घोंगडी

साउथडाउन यादीतून काढा. जात उत्तम आहे. ससेक्समधल्या ग्लाइंडच्या जॉन एलमन यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी ती घडवली, आणि मांसाचा पोत आजही अव्वल समजतात. पण तिचा गुणच तुमच्या बेताच्या आड येतो. ती लवकर चरबी धरते. चांगल्या गवतावर चार-पाच महिन्यांत तयार होणारं जनावर तुम्ही सोळा महिने ठेवलंत तर पाठीवर बोटभर चरबी येणार आणि खाटीक ती कापून टाकणार.

राइलँड तर तुमच्या गावचीच. लेमस्टरच्या मठातल्या साधूंनी पाळलेली, आणि तिच्या लोकरीला एके काळी 'लेमस्टरचं सोनं' म्हणत. बिनशिंगी, गरीब स्वभावाची, बादली वाजवली की मागे येते. कुंपणाला त्रास नाही. नव्या माणसाला हीच सोपी. सोळा महिन्यांच्या खच्ची राइलँडचं सोललेलं धड साधारण २२ ते २५ किलो भरतं. चरबी धरण्याकडे हिचाही कल आहे, साउथडाउनइतका नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तिला भारी गवतावर सोडलं नाही की झालं.

हेब्रिडियन वेगळं प्रकरण आहे. काळीभोर, दिसायला आपल्या दख्खनीच्या नात्यातली वाटावी अशी. शिंगं दोन, कधी चार. मोठी मेंढी ४० किलोच्या आसपास, आणि सोळा ते अठरा महिन्यांच्या खच्ची नराचं धड १५ ते १८ किलो. मांस गडद, तंतू बारीक, बाहेरची चरबी कमी. जाडंभरडं गवत, झुडपांचा पाला, काटेरी डहाळ्या, सगळं खाते. निसर्गसंवर्धनाच्या जमिनीवर पांढरं पडलेलं मोळासारखं गवत खाऊन काढायला हीच जात मुद्दाम आणतात.

हिच्या अडचणी दोन. पहिली, ती चपळ आहे. ८० सेंटिमीटर उंचीची मेंढ्यांची जाळी आणि वर दोन साध्या तारा हव्यातच. दुसरी अडचण जीवघेणी आहे: विजेची जाळी. हलवाहलवीला सोपी म्हणून लोक ती आणतात, शिंगवाली मेंढी त्यात शिंग अडकवते, झटका बसला की आणखी गुरफटते आणि सकाळी मेलेली सापडते. शिंगवाल्यांना विजेच्या तीन-चार सुट्या तारा लावा, जाळी नको.

हर्डविक जातीचा मोह होईल. चवीला ती हेब्रिडियनच्या तोडीची आहे, पण 'लेकलँड हर्डविक' हे नाव २०१३ पासून संरक्षित आहे. जन्म, वाढ आणि कत्तल तिन्ही कंब्रियात झालं तरच त्या नावाने विकता येतं. घरी खायला पाळायची तर प्रश्न नाही. सोए जात मात्र हौसेपोटीही घेऊ नका. कुत्रा पाहिला की कळप करण्याऐवजी ती चहूकडे पांगते आणि तीन एकरांत पकडता पकडता दिवस जातो.

माझं मत: पहिल्या वर्षी राइलँड, कुंपण पक्कं झालं की हेब्रिडियन. नुसती चव पाहिली तर हेब्रिडियन.

रवंथ

घोंगडी यांच्याशी जातींबद्दल वाद नाही, क्रमाबद्दल आहे. चवीत जातीचा वाटा लोक समजतात त्याहून कमी असतो. जुन्या जातीचा खरा उपयोग हा की ती सावकाश वाढते आणि साध्या गवतावर सोळा महिने तग धरते. आधुनिक संकराला तसंच सोळा महिने जगवलंत तर चव त्यालाही येईल, फक्त तोवर त्याचं धड पस्तीस किलोंचं आणि चरबीने लडबडलेलं असेल.

आता वासाबद्दल. तो दोन वाटांनी येतो आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली वाट म्हणजे चरबीतली फांद्या फुटलेली मेदाम्लं, त्यातलं मुख्य ४-मिथाइलऑक्टॅनोइक आम्ल. म्हाताऱ्या मेंढीचा म्हणतात तो वास याचा. वय वाढलं की ही वाढतात, खच्ची न केलेल्या नरात जास्त असतात, आणि जनावराला धान्य भरपूर घातलं तरीही वाढतात. शेवटचे दोन महिने जवावर 'पिकवायचं' असा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या. खच्ची केलेलं कोकरूच घ्या. विकणाऱ्याला विचारा, रबरी कडं पहिल्या आठवड्यात लावलं होतं ना. कायद्याने भूल न देता कडं फक्त त्याच मुदतीत चालतं आणि तीन महिन्यांनंतर खच्चीकरण भूल देऊन पशुवैद्यानेच करायचं असतं. हात लावून दोन्ही गोट्या गेल्याची खात्री करा. एक वर राहिलेली असेल तर पुढच्या ऑक्टोबरात ते जनावर मेंढ्यासारखंच वागेल आणि मांसाला वासही तसाच येईल.

दुसरी वाट स्कॅटोल नावाच्या शेणासारख्या वासाच्या रसायनाची. हिरव्यागार, प्रथिनांनी भरलेल्या चाऱ्यातून पोटात तयार होतं आणि चरबीत बसतं. पांढऱ्या क्लोव्हरने (तिपानी चाऱ्याने) गच्च भरलेल्या कुरणावर हे जास्त. तुमचं न नांगरलेलं कुरण इथे कामाला येतं, कारण त्यात दहा प्रकारच्या वनस्पती असतात. पिवळ्या फुलाचा बर्ड्सफूट ट्रेफॉइल असेल तर त्याला जपा. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे प्रथिनं पोटात कमी कुजतात आणि स्कॅटोल कमी बनतं. हिवाळ्यात शेजाऱ्याने शलगम किंवा केलच्या (कोबीच्या कुळातल्या पाल्याच्या) शेतात चरायला सोडू दिलं तर जरूर सोडा, पण तिथूनच थेट कत्तलखान्यात नको. या पिकांचा वास मांसाला लागतो. मध्ये किमान दोन आठवडे गवतावर ठेवा.

ताज्या गवताचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. त्यातलं ई जीवनसत्त्व चरबीला खवट होण्यापासून वाचवतं. फ्रीजरमध्ये सहा महिने ठेवलेलं गवतावरचं मटण आणि धान्यावरचं मटण शेजारी शेजारी शिजवून पाहा, फरक कळतो.

किती पाळायची: हेब्रिडियन बारा, राइलँड असेल तर नऊ-दहा. एकरी चार म्हणजे हात राखून, कारण चिकणमातीत हिवाळ्यात खुरांनी कुरणाचा चिखल होतो आणि ते गवत मे महिन्यापर्यंत डोकं वर काढत नाही. पाच-सहा तुकडे पाडा, आठवड्याला जागा बदला, ओला कोपरा नोव्हेंबर ते एप्रिल बंद. वाळलेलं गवत दर डोई दिवसाला १.२ किलो धरलं तर बारा जनावरांना नव्वद दिवसांत १,३०० किलो लागतं, म्हणजे १८ किलोच्या छोट्या गठ्ठ्यांचे बहात्तर गठ्ठे. जुलैत बांधावरून उचललेत तर स्वस्त पडतात. फेब्रुवारीत मागायला गेलात तर समोरचा सांगेल ती किंमत.

हिवाळ्यात वजन जागच्या जागी राहिलं तरी घाबरू नका. वसंतात ते भरून निघतं. पाठवायची वेळ मात्र वजन वाढत असतानाची पकडा. उतरत्या वजनाचं जनावर कापलं तर मांस कोरडं आणि चिवट लागतं. ऑगस्ट ते मध्य ऑक्टोबर ही तुमची खिडकी.

खूरवैद्य

वरचं सगळं मान्य. कोकरं मरू नयेत म्हणून काही गोष्टी.

तांबं. मेंढीला गाईचं, डुकराचं किंवा कोंबडीचं खाद्य चुकूनही नको, खनिजाची चाटणवीटसुद्धा 'मेंढ्यांसाठी' लिहिलेलीच. तांबं यकृतात महिनोन्महिने साठत जातं, बाहेरून जनावर ठणठणीत दिसतं, आणि एखाद्या ताणाच्या दिवशी ते रक्तात सुटतं. डोळे पिवळे, लघवी लाल आणि दोन दिवसांत खेळ खलास. जुन्या बेटांवरच्या जाती याबाबतीत फार नाजूक. ऑर्कनीतल्या नॉर्थ रोनाल्डसेच्या मेंढ्या तर समुद्रशेवाळ खाऊन जगणाऱ्या, त्यांना साध्या कुरणातलं तांबंही बाधू शकतं. डुकरं आणणारच असाल तर त्यांची दावण मेंढ्यांच्या कुंपणापासून लांब ठेवा.

नवीन आलेली कोकरं थेट कुरणात सोडू नका. पहिल्या दिवशी जंताचं औषध, कोणत्या गटाचं ते तुमच्या पशुवैद्याला विचारून. एक-दोन दिवस काँक्रीटवर किंवा गोठ्यात, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जंतांची अंडी तिथेच पडतील. मग तीन आठवडे वेगळी. त्यात खरूज आणि लंगडणं कळून येतं. क्लॉस्ट्रिडियमची लस आधी झालेली आहे का ते विचारा. नसेल तर दोन डोस, मध्ये चार ते सहा आठवडे.

त्यानंतर कॅलेंडर बघून औषध पाजू नका. दहा-बारा जनावरांच्या ताज्या लेंड्या पिशवीत घालून अंड्यांची मोजणी करून घ्या. पाजायचं झालं तर सर्वांत जड जनावराच्या वजनाप्रमाणे डोस. अंदाजपंचे अर्धवट डोस दिला की औषध निरुपयोगी व्हायला सुरुवात होते.

ओला कोपरा म्हणजे गोगलगाय, गोगलगाय म्हणजे यकृतकृमी. तो कोपरा नुसता बंद करू नका, तार मारून पक्का तोडा. कृमीचा त्रास शरद ऋतूपासून दिसतो. याची बातमी तुम्हाला कत्तलखान्याकडूनही मिळेल, कारण कृमी लागलेली यकृतं तपासनीस बाजूला काढतो. कलेजीची हौस असेल तर कोपऱ्याची तार हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

मे ते सप्टेंबर लोकरीत अंडी घालणारी माशी. शेपटीखाली लेंड्या चिकटलेली मेंढी दिसली की त्याच दिवशी तिथली लोकर कातरा. जूनमध्ये पूर्ण कातरणी. माशीचं औषध ओतण्याआधी बाटलीवरचा कत्तलीपूर्व कालावधी वाचा. औषधागणिक तो आठवडाभरापासून सहा आठवड्यांपर्यंत बदलतो. ऑगस्टमध्ये पाठवायचं ठरवून जुलैत लांब मुदतीचं औषध ओतलं तर तारीख गेली. वहीत प्रत्येक औषधाचं नाव, बॅच, तारीख आणि मुदत लिहा. जनावरासोबत जो अन्नसाखळीचा कागद जातो त्यावर तुमची सही असते.

लंगडणाऱ्या मेंढीचं खूर कापत बसू नका. जुनी सवय आहे, पण खूरकुजीत कापण्याने जखम भरायला उलट वेळ लागतो. प्रतिजैविकाचं इंजेक्शन, वरून फवारा आणि वेगळं ठेवणं.

बांधावरचा

वा, भरभरून लिहिलंत. बारा हेब्रिडियन असं मनाशी येतंय, शिंगांचं कळल्यामुळे विजेची जाळी रद्द.

दोन शंका. 'तयार झालं' हे हाताला कसं कळतं? आणि प्रश्न चार अजून कोणी घेतला नाही. मंडळातल्या चार घरांना अर्धं-अर्धं धड विकता येईल का?

सुरी_करवत

चौथा प्रश्न माझ्या प्रांतातला. हाताने पाहण्यापासून सुरुवात करतो.

शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर तळहात ठेवा. मधोमध मणक्याची टोकं लागतात, बाजूला आडव्या हाडांची. गुण १ (हाडकुळं) ते ५ (लठ्ठ). टोकं जाणवतात पण टोचत नाहीत, आणि थोडं दाबल्यावर बोटं आडव्या हाडांखाली जातात, तो २ गुण. टोकं गोल वाटतात, दाबल्याशिवाय आडवी हाडं लागत नाहीत, तो ३. राइलँड ३ वर पाठवा. हेब्रिडियनला ३ ची वाट पाहू नका, अडीचवर पाठवा. या जुन्या जाती चरबी आधी आत, गुर्द्याभोवती साठवतात आणि पाठीवर शेवटी. पाठीला ३ लागेपर्यंत पोटात मूठभर पांढरं साठलेलं असतं, ज्याचे पैसे कोणी देत नाही.

वय आणि कागद. बारा महिने ही रेघ लक्षात ठेवा. त्याआधी कापायचं असेल तर कानात कत्तलीचा एकच बिल्ला चालतो. त्यापुढे ठेवायचं तर दोन बिल्ले, त्यातला एक इलेक्ट्रॉनिक. विकणाऱ्याकडून घेतानाच दोन बिल्ल्यांची कोकरं मागा. नंतर निस्तरणं कटकटीचं.

बारा महिन्यांपुढच्या मेंढीची कवटी, भेजा-डोळ्यांसकट, आणि पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू कायद्याने नष्ट करावी लागते. पहिला कायमचा दात हिरडीतून वर आला की जनावर त्या गटात. म्हणजे मुंडी रस्सा आणि भेजा फ्राय तुमच्या मेंढ्यांचा मिळणार नाही, कितीही ओळख असली तरी. मज्जारज्जू काढायला धड उभं चिरावं लागतं, त्याचा काही ठिकाणी वेगळा आकार घेतात. कलेजी, गुर्दे, दिल मिळतं, फक्त 'परत हवंय' हे आधी लिहून द्या, नाहीतर टाकलं जातं. वजरी आणि पाय धुऊन-सोलून द्यायची सोय फार थोड्या छोट्या कत्तलखान्यांकडे आहे. फोन करतानाच विचारा.

विक्री. मान्यताप्राप्त कत्तलखान्यात कापलेलं असेल तर विकता येतं. स्थानिक कौन्सिलकडे अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी, सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी, फुकट होते. स्वतःच्या शेतावर स्वतः कापलेलं फक्त स्वतःच्या घरच्यांनी खायचं. ते शेजाऱ्याला फुकट देणंही बेकायदा आहे.

मटण इथे बिघडतं. सोळा महिने उत्तम पाळलेलं जनावर शेवटच्या चोवीस तासांत वाया जातं, आणि दोष जातीला लावतात. कारणं दोन.

पहिलं ताण. स्नायूत ग्लायकोजेन (साखरेच्या रूपातली ऊर्जा) साठलेलं असतं, कत्तलीनंतर त्याचं आम्ल बनतं आणि मांसाचा पीएच ७ वरून साडेपाचाच्या आसपास उतरतो. मेंढ्या घाबरल्या, धावल्या, उपाशी राहिल्या, की तो साठा आधीच संपतो. पीएच ६ च्या वर अडकतो, मांस काळपट, चिकट आणि लवकर खराब होणारं होतं. साठा परत भरायला काही दिवस लागतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात कातरणी नाही, औषध नाही, कुत्रा लावून पळवणं नाही. ट्रेलर दोन-तीन दिवस आधीच कुरणात उभा करून त्यात थोडं खाद्य ठेवा, आपणहून चढू द्या. एकटं जनावर पाठवू नका, कमीत कमी दोन-तीन एकत्र. आदल्या रात्री छपराखाली कोरड्या पेंढ्यावर ठेवा. ओली, चिखलाने माखलेली लोकर पाहून तपासनीस परत पाठवू शकतो.

दुसरं कारण गारठा, आणि हेब्रिडियनसाठी हेच मोठं. धड ताठरण्याआधी फार झपाट्याने थंड झालं तर स्नायू आखडतात आणि मग कितीही टांगा, कितीही शिट्ट्या घ्या, चिवट ते चिवटच. ढोबळ नियम: पहिल्या दहा तासांत मांस १० अंशांच्या खाली जाऊ नये. तीस किलोंचं चरबीदार धड आपोआप सावकाश निवतं. सोळा किलोंचं सडपातळ हेब्रिडियन पंख्यासमोर टांगलं की तीन-चार तासांत खाली. कत्तलखान्याला तीन गोष्टी विचारा: माझी धडं पंख्यापासून लांब टांगाल का, पहिले काही तास शीतगृह कमी थंड ठेवता येईल का, आणि मागच्या पायाच्या शिरेऐवजी कमरेच्या हाडातून आकडा घालून टांगाल का. कमरेतून टांगल्याने मांडीचे आणि पाठीचे स्नायू ताणलेले राहतात, आखडू शकत नाहीत. मांडीचा आकार जरा विचित्र दिसतो, रश्श्याला काय फरक पडतो! जो माणूस हे प्रश्न ऐकून वैतागतो तिथे देऊ नका. छोटे कत्तलखाने कमी होत चाललेत आणि नाताळाआधी सगळेच भरलेले असतात, त्यामुळे ऑक्टोबरची तारीख जूनमध्ये घ्या.

टांगणं: राइलँड दहा ते चौदा दिवस. हेब्रिडियन सात ते दहा, कारण वर चरबीचं पांघरूण नाही, पुढे कडा सुकून काळ्या पडतात आणि तेवढं मांस कापून फेकावं लागतं. आणखी मुरवायचं असेल तर हवाबंद पिशवीत आठवडाभर.

कापणी. 'करीसाठी तुकडे' एवढंच सांगितलंत तर बिनहाडाचे चौकोनी तुकडे मिळतील. कागदावर असं लिहून द्या: मान दोन सेंटिमीटरच्या चकत्या. दोन्ही खांदे हाडासकट, चार सेंटिमीटरचे तुकडे. पुढच्या नळ्या मधून कापून. सीना चार बोटांच्या पट्ट्या. चापा जोड्यांनी. एक मांडी अख्खी, एक तुकडे. इथे सगळं पट्टीच्या करवतीवर कापतात, त्यामुळे तुकड्यांना हाडाचा भुसा चिकटतो आणि तो रश्श्यात कचकचतो. तुकडे ओल्या फडक्याने पुसून घ्या, धुऊन मग भिजत ठेवू नका.

१७ किलोंच्या धडातून हाडासकट चौदा-साडेचौदा किलो हाती येतं. बाराचे मिळून १७० किलो धरा, म्हणजे फ्रीजर आधी घ्या.

आणि शिजवताना: कोकराच्या हिशेबाने दोन शिट्ट्या घेऊन चालणार नाही. खांदा-मान पाच-सहा, नंतर आच मंद. बाहेरची चरबी अर्धी काढून टाका. ही चरबी लवकर थिजते आणि ताटात ओठांना चिकटते.

खाडीकिनारा

डुकरांचं मी घेतो. गोव्याच्या सॉसेजला (चुरीस) आणि सोरपोतेलला (डुकराच्या मांस-कलेजीचा आंबट-तिखट रस्सा) हवं तसं मांस इथल्या कारखानी डुकरात नाही, त्याला चरबीच नसते. जुन्या जाती बरोबर उलट्या. म्हणून सगळी मेख खाद्य मोजण्यात आहे.

आठ आठवड्यांची दोन पिल्लं घ्या, एक कधीच नाही. टॅमवर्थ लांब, त्यातल्या त्यात सडपातळ, बेकनला उत्तम. ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स शांत, चरबी धरणारं. याच्या पारंपरिक पद्धतीने वाढवलेल्या मांसाला २०१० मध्ये युरोपीय संरक्षण मिळालं. मिडल व्हाइट आखूड, लवकर तयार होणारं. चुरीसाला मी ओल्ड स्पॉट्स घेईन.

खाद्य: वयाच्या दर महिन्यामागे दिवसाला साधारण ४५० ग्रॅम, म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला १.३५ किलो. चौथ्या महिन्यानंतर दोन किलोंच्या आसपास थांबा. पुढे पोट भरेस्तोवर घातलंत तर फक्त चरबी चढते. साडेपाच-सहा महिन्यांत जिवंत ६५ ते ७० किलो, धड ४८ ते ५० किलो. बेकनला आठ महिने. मका आणि तेलबिया शेवटच्या दोन महिन्यांत कमी ठेवा, नाहीतर चरबी मऊ, तेलकट राहते, सॉसेजमध्ये पाझरते आणि लवकर खवट होते. जव आणि सफरचंदं चालतात. हेरेफर्डशरमध्ये सफरचंदांना काय तोटा!

आता आपल्या लोकांची हमखास चूक. उरलेली पोळी-भाजी डुकराला घालणं इथे गुन्हा आहे. २००१ च्या खुरकूत साथीनंतर स्वयंपाकघरातलं काहीही घालायला बंदी आली. 'आमचं घर शाकाहारी आहे' ही सबबही चालत नाही, कारण त्या घरात दूध-तूप असतं. प्राणिज पदार्थ अजिबात न येणारं संपूर्ण व्हीगन घर असेल तरच सूट. बागेतली भाजी घरात न नेता थेट डुकराकडे गेली तर चालते. कोबीचा पाला स्वयंपाकाच्या ओट्यावरून परत आला की नाही.

सोरपोतेलसाठी कलेजी, दिल, जीभ आधीच सांगून ठेवा. रक्त बहुतेक ठिकाणी देत नाहीत. टांगणं तीन ते सात दिवस, पुढे उपयोग नाही.

बांधावरचा

म्हणजे आमच्या घरच्या भाजीच्या देठांचीही सोय गेली. एक शेवटचं: डुकरं आणि मेंढ्या एकाच जागेवर आल्या तर हालचालीच्या बंदीचं कसं?

खूरवैद्य

डुकरं आली की त्या जागेवरच्या डुकरांना २० दिवस आणि मेंढ्यांना ६ दिवस बाहेर हलवता येत नाही. मेंढ्या आल्या तर सगळ्यांना ६ दिवस. थेट कत्तलखान्यात जाणाऱ्यांना सूट आहे, त्यामुळे तुमचं अडत नाही. अडतं कुठे, तर आणलेल्या बारातलं एखादं कोणाला परत द्यायचं किंवा बदलून घ्यायचं झालं तर. म्हणून सप्टेंबरमध्ये मेंढ्या आणि डुकरं एकाच आठवड्यात आणू नका. डुकरं एप्रिलमध्ये आणा. चिकणमातीत हिवाळाभर डुकरं ठेवलीत तर वसंतात तिथे गवत शोधावं लागेल. एप्रिलची पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरला तयार होतात आणि ऑक्टोबरला कत्तलखाना मेंढ्यांसाठी मोकळा. हालचालीची नोंद दोन्हींची वेगवेगळ्या प्रणालीत करायची आहे, आणि डुकरांची ती जनावर हलवण्याआधी करावी लागते.